बाईंच्या फळ्यावर पाणी बंद

माझ्या उजव्या हाताला एक वाईट खोड आहे. समोर कागद आला की तो आधी शिक्का मारतो, डोकं नंतर वाचतं. अठ्ठावीस वर्षं शाळेच्या लायब्ररीत काढल्यावर हात असाच होतो. मुख्याध्यापकांच्या रजेच्या अर्जावर मी तारखेचा शिक्का मारलाय, विज्ञानाच्या बाईंच्या मुलीच्या लग्नपत्रिकेवर मारलाय, आणि एकदा गप्पांच्या नादात वडापावच्या कागदावर मारला. तो फाइलला लागता लागता वाचला. सगळे हसायचे, मीही हसायचे. पण निवृत्तीला एक वर्ष उरलं असताना याच खोडीपायी एका सरळ माणसाची नोकरी जायची वेळ आली. आमच्या वस्तीला पाणी सोडणारा चावीवाला गावडे. त्याने काहीही केलं नव्हतं. केलं होतं ते मी, आणि कोणी ते मान्य करायला तयार नव्हतं.

ज्यांनी आयुष्यात शाळेच्या लायब्ररीचं एकही पुस्तक वेळेवर परत केलं नाही, त्यांच्यासाठी आमचं काम थोडक्यात सांगते. पुस्तक आलं की त्याला दाखल नोंदवहीत नंबर मिळतो. मग शिक्के: पहिल्या पानावर, शेवटच्या पानावर आणि मधल्या एका गुप्त पानावर. पुस्तक चोरून कोणी पहिलं-शेवटचं पान फाडलं, तरी गुप्त पानावरून चोर सापडतो. ते पान कितवं, हे फक्त ग्रंथपालाला ठाऊक असतं. निवृत्त झाले तरी मी ते इथे छापून देणार नाही. त्याखेरीज रोजची पुस्तकांची देवघेव, वाळवीशी भांडण, आणि सकाळच्या वर्तमानपत्रांतून कात्रणं काढणं. कात्रण कापलं की त्यावर त्या दिवसाचा शिक्का मारायचा, आपल्या भागातली बातमी असेल तर दाराशेजारच्या फळ्यावर टाचणीने लावायची, आठवड्याने फाइलला. एवढंच काम. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर वाचत बसतो. अहो, वाचायला वेळ मिळाला असता तर पुढची सगळी भानगडच झाली नसती.

आमची शाळा जोगेश्वरीच्या पूर्वेला, टेकडीच्या उतारावर. मराठी माध्यम. मुलांचे आजोबा गिरणीत होते, आई-बाप आता कोणी डिलिव्हरीला, कोणी मॉलमध्ये, कोणी पोळीभाजी केंद्रात. गेल्या दहा वर्षांत यांच्या हातात मोबाईल आले आणि सरकारची सगळी खिडक्या-दारं त्या मोबाईलमध्ये गेली. मग फॉर्म भरून द्यायला कोण? लायब्ररीच्या बाई! कारण त्या "बसूनच असतात". शिष्यवृत्तीचा फॉर्म, रेशनकार्डावर नाव चढवणं, मतदार यादीत आजीचं वय एकशे चौदा झालंय ते कमी करणं, सगळं माझ्या टेबलावर.

आमच्याकडे भिंतीवर मोठ्या अक्षरात "शांतता राखा" आणि खाली एक बाप ओरडतोय, "बाई, ओटीपी आला! चार सात सात..." आणि मागच्या बाकावरून सहावीची पोरं, "काका, अजून तीन आकडे!" पासवर्ड तर कोणाच्याच लक्षात राहायचे नाहीत. पंधरा दिवसांनी परत यायचे, नवीन करून न्यायचे, पंधरा दिवसांनी परत. पुस्तकांच्या बाबतीत हा नियम पाळला असता तर मी त्यांचा सत्कार केला असता.

एकदा एक आजी मोबाईल घेऊन आल्या. त्यांना मेसेज आला होता की डोळ्यांत कांद्याचा रस घातला की चष्मा सुटतो. "घालू काय गं?" म्हणाल्या. मी म्हटलं, "आजी, कांदा आमटीत घाला." त्या गेल्या, पण मी विचारात पडले. ह्या विचारायला आल्या. न विचारता घालणारे किती असतील? त्या विचारातून माझा फळा निघाला.

कात्रणांच्या फळ्याची अर्धी बाजू मी रिकामी केली आणि वर लिहिलं, "खरं की थाप?" पद्धत सोपी ठेवली. शाळेत मोबाईल आणायचा नाही. घरी जो मेसेज आला असेल तो हाताने चिठ्ठीवर उतरवून आणायचा आणि खाली लिहायचं, कोणाच्या मोबाईलवर आला, कुठल्या ग्रुपवर आला. मग लायब्ररीच्या तासाला आम्ही सगळे मिळून तपासायचो. कोशात बघ, कात्रणांत बघ, सरकारी साइटवर बघ. खरं असेल तर हिरव्या खडूने बरोबरची खूण, खोटं असेल तर लाल फुली. नियम एकच, आणि तो मी पोरांकडून घोकून घेतला होता: दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून कळल्याशिवाय हिरवा खडू उचलायचा नाही.

फळा असा काही चालला की विचारू नका. "सोमवारपासून शाळांना पंधरा दिवस सुट्टी" हा मेसेज एकाच आठवड्यात चार वेगवेगळ्या हस्ताक्षरांत आला आणि चौघांनीही "पंधरा" हा शब्द अगदी सारखाच चुकीचा लिहिला होता. त्या चौघांना मी लाल फुलीखाली उभं केलं. हळूहळू आयाही शाळा सुटायच्या वेळी आत डोकावून फळा बघून जायला लागल्या. सोसायटीच्या मीटिंगमध्ये वाद झाला की कोणीतरी म्हणायचं, "बाईंच्या फळ्यावर लागलंय काय?" लागलं असेल तर विषय संपला. मला काय वाटत होतं म्हणून सांगू! मिरवत होते मी. बाजारात कोथिंबीरवालाही मला जुडी जरा मोठी देत होता. खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं.

आता गावडे. मुंबईबाहेरच्यांना वाटतं नळ उघडला की पाणी येतं. तसं नसतं. रस्त्यात लोखंडी झाकणाखाली व्हॉल्व असतो. माणसाच्या छातीएवढ्या उंचीची लोखंडी चावी त्यात घालून फिरवली की आमच्या भागाला पाणी सुटतं, उलटी फिरवली की पुढच्या भागाला. हे काम करणारा तो चावीवाला. गावडे मूळचे मालवणकडचे, चोवीस वर्षं आमच्या टेकडीला पाणी सोडत होते. सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला. मोबाईल साधा, बटणांचा. बोलणं कमी. वरच्या वाडीत पाणी कमी चढतं म्हणून दोन फेरे जास्त द्यायचे आणि ते कोणाला सांगायचे नाहीत.

तर फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी शाळेला स्मार्ट टीव्ही आला. तो लावायचा लायब्ररीत, कारण बाकी सगळीकडे वर्ग. त्याला भिंत हवी म्हणून शिपाई शांतारामने कोशांचं कपाट सरकवलं. कपाटामागून काय काय निघालं: दोन पट्ट्या, एक मेलेली पाल, सातवीतल्या कोणीतरी आठवीतल्या कोणालातरी लिहिलेली चिठ्ठी आणि शिक्का बसायच्या आधीच कधीतरी मागे पडलेलं एक कात्रण. शांतारामने कात्रण झटकलं आणि माझ्या टेबलावर, सकाळच्या कात्रणांवर ठेवलं. मी टीव्हीवाल्याशी वाद घालत होते, कारण तो खिळा नेमका थोरांच्या तसबिरीच्या जागी ठोकत होता. तोंड तिकडे, हात इकडे. हाताने सगळ्या कात्रणांवर आजचा शिक्का मारला.

मग मी ती फळ्यावर लावली. त्यातलं एक होतं: जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी येत्या गुरुवारी सकाळी दहापासून शुक्रवारी सकाळी दहापर्यंत आपल्या भागात पाणीपुरवठा बंद. कात्रण जरा पिवळट वाटलं होतं. पण आमच्या लायब्ररीत भिंतीसकट सगळंच पिवळट.

दुपारी एका आईने त्याचा फोटो काढला. शिक्का कसा ठसठशीत, तारीख आजची! संध्याकाळी तो फोटो महिला मंडळाच्या ग्रुपवर गेला, तिथून सोसायटीच्या, तिथून नितीनदादाच्या. नितीनदादा म्हणजे आमच्याकडचे भावी नगरसेवक. ते भावी असल्याचं बॅनर गेली आठ वर्षं नाक्यावर आहे. फोटो तीन ग्रुप फिरेपर्यंत कोणीतरी त्यातली बातमी वाचून साधा मेसेज टाइप केला, दुसऱ्याने खाली "कृपया पाणी जपून वापरा" जोडलं, तिसऱ्याने हात जोडलेले तीन पंजे.

बुधवारी सकाळी पोरं चिठ्ठ्या घेऊन आली. सात चिठ्ठ्या, तीन वेगवेगळे ग्रुप. मी म्हटलं, वा! माझ्या कात्रणातही आहे, वर तीन ग्रुपवरही आलंय. दोन ठिकाणांचा नियम होता, इथे चार झाली. हिरवा खडू घेतला आणि अशी झोकात खूण केली की खडू तुटला. माझंच पोर शेजारच्या तीन घरांत जेवून परत आलं होतं आणि मी त्या तिन्ही घरांची साक्ष धरून बसले होते. हे तेव्हा कळायला डोकं लागतं. माझं फळ्यावर होतं.

बुधवारी संध्याकाळी टेकडीवर जे झालं त्याला युद्ध म्हणतात. पाचला गावडेंनी पाणी सोडलं आणि खालच्या इमारतींनी सगळे पंप एकदम लावले. हंडे, कळश्या, पिंप, बादल्या, टोप, कुकर, सगळं भरलं. आमच्या मजल्यावरच्या सावंतांनी वॉशिंग मशीन भरून ठेवलं. एकाने मुलाचा फुगवायचा टब भरला आणि तो रात्री बसला. वरच्या वाडीला त्या दिवशी थेंब गेला नाही. तिथली माणसं खाली येऊन गावडेंना विचारायला लागली, "काय हो, उद्या पाणी बंद ना?" गावडे म्हणाले, "माका काय कोणी सांगूक नाय." लोकांना वाटलं, लपवतोय. नेमका त्याच वेळी नाक्यावर एक टँकर उभा होता आणि टँकरचा ड्रायव्हर गावडेंच्या शेजारी चहा पीत होता. चहाची टपरी एकच आहे आमच्याकडे, तो बिचारा आणखी कुठे पिणार?

नितीनदादांनी गुरुवारी अकरा वाजता वॉर्ड ऑफिसवर हंडा मोर्चा जाहीर केला. "ताईंनो, रिकामे हंडे घेऊन या. फोटो भारी आला पाहिजे." आणि इथे घात झाला. टेकडीवर रिकामा हंडा कुणाकडे होता? एकूणएक भांडं भरलेलं, वरच्या वाडीनेही रात्री खालून मागून भरून नेलं होतं. ओतून द्यावं तर आज पाणी बंद! बायका तयार होईनात. शेवटी कोणी कुकर आणला, कोणी पोळ्यांचा डबा, एकीने देवघरातला तांब्या, त्यात नारळ तसाच. वरच्या वाडीतल्या वैशालीताई भरलेला हंडाच डोक्यावर घेऊन निघाल्या. म्हणाल्या, "रात्री टेकडी उतरून मागून आणलंय, ते मी सांडणार नाय म्हणजे नाय." फोटोत "पाणी द्या, पाणी द्या" ओरडताना त्यांच्या डोक्यावरून पाणी गळताना स्पष्ट दिसतं.

वॉर्ड ऑफिसातली ज्युनिअर इंजिनिअर, तिशीची पोरगी, बाहेर आली. म्हणाली, "कोणी सांगितलं पाणी बंद आहे? कुठलंही काम नाही आज." आणि तिने आवारातला नळ सोडून दाखवला. धो धो पाणी. पण डोक्यावर कुकर घेऊन एवढं चालून आल्यावर चूक आपली कशी असेल? गर्दीत कोणीतरी म्हणालं, टँकरवाल्यांनी उठवली ही अफवा, आणि चावीवाला त्यांना सामील आहे. कालच चहा पाजत होता. झालं! तिथल्या तिथे अर्ज लिहिला, सह्या झाल्या, पालिकेच्या ॲपवरही तक्रार टाकली. संध्याकाळी गावडेंना निरोप आला: चौकशी होईपर्यंत चावी जमा करा.

मला हे सगळं गुरुवारी रात्री कळलं आणि मी काय म्हणाले माहितेय? म्हणाले, "अरेरे, लोक कसे असतात बघा."

शुक्रवारी दुपारी आठवीतली समृद्धी घाग फळ्यावरची कात्रणं काढून फाइलला लावायला मदत करत होती. बारीक, चष्मेवाली, शंकेखोर पोरगी. ती थांबली. "बाई, फेब्रुवारीत गणपती असतो?"

"कुठला गणपती गं?"

तिने कात्रण उलटं धरलं. मागे अर्धी जाहिरात होती. "गणेशोत्सवानिमित्त मखरांवर खास सूट." मी कात्रण हातात घेतलं. कपाट, पाल, शांताराम, टीव्हीवाला, सगळं एका झटक्यात डोळ्यांपुढे आलं. कुठल्यातरी जुन्या गणपतीतलं कात्रण! मी स्टुलावर बसले. पोरगी म्हणाली, "बाई, मग आपण चुकलो?" मी म्हटलं, "आपण नाही गं. मी."

मुख्याध्यापक देसले सरांना जाऊन सांगितलं. सर समंजस आहेत, म्हणजे कशात पडत नाहीत. म्हणाले, "बाई, गप्प बसा. दोन दिवसांत लोक विसरतात. शाळेचं नाव कशाला त्यात?" आणि मी शनिवार-रविवार गप्प बसले. हे लिहिताना आजही लाज वाटते. दोन दिवस मी भांडी घासली, पडदे धुतले, गहू निवडले, आणि फळ्यामुळे आपलं नाव किती मोठं झालंय याचाच विचार करत राहिले.

सोमवारी सकाळी सहाला गावडे चहाच्या टपरीवर बसलेले दिसले. खांद्यावर चावी नाही. दुसराच कोणी मुलगा व्हॉल्व शोधत होता आणि गावडे त्याला हाताने दाखवत होते, पुढे, अजून पुढे. मला बघून म्हणाले, "बाई, चोवीस वर्सां झाली. एक दिस उशीर करूक नाय. आता म्हणतत टँकरवाल्यांचो माणूस." त्यांना निवृत्तीला दीड वर्ष होतं. चौकशी लागली की पेन्शन अडकते, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी थेट घरी जाऊन साडी बदलली आणि वॉर्ड ऑफिस गाठलं.

इंजिनिअर पोरीसमोर कात्रण ठेवलं, सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "काकी, ऑनलाइन नोंद करावी लागेल. त्याशिवाय फाइलला जोडता येत नाही." ॲप उघडलं. तक्रारीचा प्रकार निवडा: पाणी कमी दाबाने, पाणी दूषित, गळती, झाकण तुटलेले. मी म्हटलं, "चूक माझी आहे, असा प्रकार नाही?" ती म्हणाली, "तसं कोणी येत नाही ना काकी." शेवटी "इतर" निवडलं. मग ॲप म्हणतं, समस्येचा फोटो टाका, त्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तिने कात्रणाचा फोटो काढला तर म्हणे अस्पष्ट. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं. "काकी, जरा सरळ बसा." असा समस्येचा फोटो गेला.

दुसऱ्या दिवशी मेसेज आला: आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे, पाहणी केली असता सदर ठिकाणी समस्या आढळली नाही.

इतकं निर्दोष मला आयुष्यात कोणी ठरवलं नव्हतं. पण पोरीने एक काम केलं. फोन करून सांगितलं, "काकी, ज्यांनी सह्या केल्यात त्यांनीच लेखी मागे घेतलं तर मी गावडेंची फाइल बंद करून घेते. वरती जायच्या आत, म्हणजे सोमवारपर्यंत."

शनिवारी पालकसभा होती. देसले सर प्रगतिपुस्तकांवर बोलून खाली बसले आणि मी उठले. सर मान हलवून नाही नाही करत होते. मी कात्रण हातात धरून सगळं सांगितलं, अगदी पालीसकट. म्हटलं, "अफवा टँकरवाल्याने उठवली नाही, गावडेंनी उठवली नाही. मी उठवली. मला माफ करा आणि सह्या मागे घ्या."

मला वाटलं, आता कोणीतरी चिडणार. वैशालीताईंनी हात वर केला. "बाई, तुमच्यावर कोणाचं प्रेशर आहे काय?"

"नाही हो! कसलं प्रेशर?"

"मग असं का बोलताय? तुमच्या फळ्यावर चुकीचं लागत नाही."

मागून नितीनदादा उठले. "बाई, टेन्शन नका घेऊ. कोणी धमकी दिली का? नाव सांगा फक्त. आपण आहोत ना इकडे."

मी कात्रण उलटं करून दाखवलं. मखरं दाखवली. एक बाप म्हणाला, "मागची जाहिरात कुठलीही असते हो, पेपरवाले काय, मिळेल ते छापतात." मी रडकुंडीला आले. तीन वर्षं या लोकांना शिकवलं, कोणाच्याही सांगण्यावर विश्वास ठेवू नका, तपासा. ते सगळं शिकले होते. फक्त त्यातून मला वगळलं होतं.

सभा संपल्यावर समृद्धी म्हणाली, "बाई, फळ्यावर घेऊ या ना." तिने रीतसर चिठ्ठी लिहिली. मेसेज: गुरुवारी पाणी बंद. कुठून आला: लायब्ररीच्या बाई. मग आठवीच्या पोरांनी काय तपास केला! दीड वर्षापूर्वीच्या वर्तमानपत्राचा गठ्ठा रद्दीतून शोधला, तोच अंक काढला, कात्रण त्या पानातल्या भोकात बरोबर बसवून दाखवलं. सरकारी साइटवरची जुनी सूचना काढली. दोन ठिकाणं झाली. लाल फुली मी स्वतः मारली आणि खाली माझं नाव लिहिलं, आडनावासकट. सोमवारी सकाळी शाळा भरायच्या वेळी आया येऊन बघून गेल्या. कोणी वाचलं, कोणी फोटो काढला. मी दारात उभी होते. काही जणींनी माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली. मला बरं वाटलं, खरंच सांगते. म्हटलं, आता तरी कळलं.

दुपारी नितीनदादा स्वतः पत्र घेऊन आले. सगळ्यांच्या सह्या होत्या. मी अधाशासारखं वाचलं. "लायब्ररीच्या आदरणीय बाईंच्या विनंतीला मान देऊन आम्ही ही तक्रार मागे घेत आहोत."

मी म्हटलं, "अहो, विनंतीला मान नाही. तक्रार खोटी होती असं लिहा ना."

दादा म्हणाले, "बाई, काम झाल्याशी मतलब. तुम्ही बोललात, विषय कट." आणि माझ्या पाया पडून गेले.

मी पत्र तसंच वॉर्ड ऑफिसला पोचवलं. पाच वाजायच्या आत पोचणं जास्त महत्त्वाचं होतं. व्याकरण सुधारायला गेले असते तर गावडे गेले असते. चौकशी रद्द झाली आणि बुधवारी सकाळी टेकडीला पाणी परत त्यांनी सोडलं.

मी शाळेत जाण्याआधी मुद्दाम नाक्यावर गेले. रात्रभर मनात वाक्यं जुळवली होती. गावडे झाकण लावत होते. मी म्हटलं, "गावडे, मला तुमची माफी मागायचीय. ती बातमी मी लावली होती. चूक माझी होती. तुम्हाला नाहक त्रास झाला."

गावडे उभे राहिले. डोळ्यांत पाणी. म्हणाले, "बाई, माका सगळा कळला. बायकांनी सांगल्यानी. भर सभेत तुमी अंगावर घेतलात. माझ्यासाठी खोटा बोललात. असा कोण करता?"

"अहो खोटं नाही! खरंच मी केलं!"

ते हसले. आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना ते बघितलं आणि आवाज खाली आणला. "व्हय, व्हय. मी कोणाक सांगूचंय नाय."

त्यानंतर मी तीन वेळा प्रयत्न केला. एकदा तर कात्रण घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोने खोबऱ्याच्या वड्या बांधून दिल्या आणि मुलाला माझ्या पाया पडायला लावलं. आता मी निवृत्त झाले, तेही होतील थोड्या दिवसांत. सगळ्या टेकडीला वाटतं मी एका गरीब माणसाला वाचवलं. मला एका माणसाची माफी मागायची आहे, आणि तो माणूस रोज सकाळी सहा वाजता खांद्यावरची चावी खाली ठेवून, दोन्ही हात जोडून मला नमस्कार करतो.